येते की नाही, हे मनाला कसे कळते?

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक गुण कापला जातो आणि प्रश्न सोडून दिला तर काहीच होत नाही. प्रश्न वाचून होतो न होतो तोच, पर्यायांवर नीट नजर जाण्याच्याही आधी, विद्यार्थ्याच्या मनात एक निवाडा झालेला असतो : हा येतो, हा येत नाही, हा शेवटी पाहू. ओएमआर पत्रिकेवरचा गोल भरला जातो तो त्यानंतर. उत्तर अजून आठवलेले नसते, तरी ते आठवेल की नाही याचा अंदाज तयार असतो. रोजचेच असल्यामुळे यातला पेच जाणवत नाही. जे अजून हाती लागलेले नाही ते आपल्यापाशी आहे, हे कशाच्या जोरावर ठरवले? कपाट न उघडता आत काय आहे ते सांगण्यासारखेच हे झाले. ज्ञान, कर्तेपण आणि मनाची स्वतःवरची देखरेख या तिन्ही विषयांचे धागे या एका पेचात येऊन मिळतात. त्यावर गेल्या साठ वर्षांत झालेल्या कामाकडे पाहिले, तर एक गोष्ट मला उत्तरोत्तर पटत जाते. ही देखरेख म्हणजे मनाने स्वतःविषयी मिळवलेली माहिती, असे आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. ती मुळात काम करण्याचा भाग आहे. माहिती तिच्यातून निघालीच, तर फार नंतर निघते.

हा पेच प्रयोगशाळेत आणला जे. टी. हार्ट यांनी, 1965 मध्ये. त्यांची पद्धत अगदी साधी होती. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचे. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांच्यापुरते पुन्हा विचारायचे, की पर्याय समोर ठेवले तर तुम्ही बरोबर उत्तर ओळखाल का? नंतर खरोखर पर्याय द्यायचे. ज्या प्रश्नांना लोक ‘ओळखेन’ म्हणाले होते तिथे ते अधिक वेळा बरोबर निघाले. ओठांवर आलेले नाव आठवत नसताना होणारी ती चुटपुट निव्वळ भ्रम नव्हती, तिच्यात तथ्य होते. पुढे जॉन फ्लॅवेल यांनी 1970च्या दशकात या सगळ्या क्षेत्राला ‘मेटाकॉग्निशन’ हे नाव रूढ केले आणि 1990 मध्ये नेल्सन आणि नॅरेन्स यांनी त्याचा आराखडा मांडला. खालच्या पातळीवर आठवणे, ओळखणे, हिशेब करणे अशी कामे चालतात. तिथली खबर वर जाते ती देखरेख, वरून खाली हुकूम येतो ते नियंत्रण. आराखडा सोयीचा आहे, पण त्यात एक गृहीतक चोरपावलांनी शिरते. ‘वरची पातळी’ म्हटले की खालच्या विचाराबद्दल विचार करणारा कोणीतरी तिथे बसलेला आहे, असे वाटू लागते. मग स्वतःवर देखरेख ठेवायची तर ‘आठवण’, ‘समज’, ‘शंका’ या कल्पना आधी अवगत हव्यात, असाही निष्कर्ष ओघाने येतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ जोएल प्रूस्त यांचे काम या गृहीतकाशी घेतलेली प्रदीर्घ झुंज आहे. त्यांची सुरुवात तर्कशास्त्राच्या इतिहासातून झाली; 1986 चे त्यांचे पुस्तक कांटपासून कार्नापपर्यंतच्या विश्लेषक विधानांवर आहे. तिथून त्या 1997 मध्ये प्राण्यांच्या मनाकडे, 2005 मध्ये इच्छाशक्तीकडे आणि 2013 मध्ये ‘द फिलॉसॉफी ऑफ मेटाकॉग्निशन’ या ग्रंथाकडे आल्या. पॅरिसच्या जाँ निको संस्थेत हे बरेचसे काम झाले. वरवर विस्कळीत दिसणाऱ्या या प्रवासाला आतून एक सूत्र आहे : विचार करणे हीसुद्धा कृती असेल, तर ती कृती नीट चालली आहे की नाही हे करणाऱ्याला कसे समजते? त्यांचे उत्तर असे, की ते त्याला वर्णनाच्या रूपात समजत नाही, मूल्यमापनाच्या रूपात जाणवते. गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा त्याला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त लागत नाही. दोरी भिंतीपासून किती सुटली हे त्याला दिसते आणि त्याच दिसण्यात वीट कुठे सरकवायची तेही असते. ‘येईल’, ‘येणार नाही’, ‘काहीतरी चुकतेय’ या जाणिवा अशाच प्रकारच्या आहेत. त्यांना शब्द लागत नाहीत, कल्पना लागत नाहीत, ‘मी’सुद्धा लागत नाही, काम पुढे रेटावे की थांबवावे एवढे त्या सांगतात.

ही मांडणी खरी असेल तर ‘मन’ ही कल्पना नसलेल्या जिवांतही देखरेख आढळायला हवी, आणि इथे पुरावा खरोखर समृद्ध आहे. 1995 मध्ये जे. डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नटुआ नावाच्या डॉल्फिनवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. 2100 हर्ट्झचा स्वर ऐकू आला तर एक प्रतिसाद, त्याहून खालचा आला तर दुसरा, आणि प्रश्नच टाळायचा असेल तर तिसरा. खालचा स्वर 2100 च्या अगदी जवळ आला की नटुआ घुटमळू लागे, त्याच्या पोहण्यातला ठामपणा जाई आणि तो तिसऱ्या पर्यायाकडे वळे. 2001 मध्ये रॉबर्ट हॅम्प्टन यांनी ऱ्हीसस माकडांवर केलेला प्रयोग याहून धारदार आहे. माकडाला एक चित्र दाखवायचे. काही वेळाने चार चित्रांतून ते ओळखायचे. बरोबर ओळखले तर शेंगदाणा. पण ती चार चित्रे समोर येण्यापूर्वी त्याला विचारले जाई : परीक्षा देतोस, की नको म्हणून साधी गोळी घेतोस? गोळी त्याला शेंगदाण्याइतकी आवडत नसे, पण ती हमखास मिळे. काही फेऱ्यांत मात्र निवड न देता परीक्षा सक्तीची केली जाई. माकडांनी आपणहून घेतलेल्या परीक्षांतले यश सक्तीच्या परीक्षांपेक्षा जास्त निघाले, आणि मुळात चित्र दाखवलेच नव्हते अशा फेऱ्यांत ती बहुतकरून गोळीच घेत. चार पर्याय, उत्तर देण्याची किंवा सोडण्याची मुभा, चुकल्यास नुकसान : ‘नीट’चा हा सांगाडाच आहे, फक्त उमेदवाराला ‘स्मरण’ हा शब्द ठाऊक नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पीटर कॅरदर्स यांचा आहे. 2008 च्या लेखात आणि 2011 च्या ‘दि ओपॅसिटी ऑफ माइंड’ या ग्रंथात त्यांनी म्हटले, की यात स्वतःच्या मनाविषयी काहीच नाही. प्राण्यापुढे दोन कृतींची ओढ जवळजवळ सारखी असते, त्या ओढाताणीची अस्वस्थता होते आणि तिसरा पर्याय ती अस्वस्थता मिटवतो. हा सगळा व्यवहार जगाविषयीच्या अंदाजांचा आहे. ‘मला आठवत नाही’ असे म्हणायला दुसऱ्याचे मन वाचण्याची जी यंत्रणा लागते, तीच स्वतःकडे वळवावी लागते. माणूसही स्वतःचे मन थेट पाहत नाही, स्वतःच्या वागण्यावरून आणि अंतर्गत बोलण्यावरून ते ताडतो, असा त्यांचा व्यापक सिद्धान्त आहे. नटुआपुरता हा आक्षेप बराच लागू पडतो, कारण तिथे अवघड स्वर कानावर येतच असतो. हॅम्प्टन यांच्या प्रयोगावर तो तितका चालत नाही. तिथे निर्णयाच्या क्षणी पडद्यावर अवघड असे काहीच नसते. जी काही अवघडलेली स्थिती आहे ती आठवणीची आहे. आता त्या स्थितीचा सुगावा लागून वागणे बदलणे याला ‘देखरेख’ म्हणायचे की नाही, हा थोडा शब्दांचाही वाद आहे हे मान्य करू. कॅरदर्स म्हणतात, विचाराविषयीचा विचार नसेल तर तो शब्द वापरू नका. प्रूस्त म्हणतात, चालू असलेल्या मानसिक कामाची खबर घेऊन ते काम हाकले जात असेल, तर देखरेखीकडून आणखी काय हवे? मला दुसरी बाजू सरस वाटते, कारण तिच्यामुळे पुढचे प्रश्न विचारता येतात. पहिलीमुळे दार लागते.

लहान मुलांवरचे प्रयोगही इथे आणले जातात, पण ते जपून वापरावे लागतात. साडेतीन वर्षांची मुले अवघड आठवणीचा प्रश्न योग्य वेळी टाळतात, असे बाल्कम आणि गर्केन यांना 2008 मध्ये आढळले. लुईज गुपिल आणि सहकाऱ्यांच्या 2016 च्या प्रयोगात तर बाळे वीस महिन्यांची होती. खेळणे कुठे लपवले ते बोटाने दाखवायचे होते. जिथे ठिकाण विसरले जाण्याची शक्यता अधिक, तिथे ती आईबापांकडे पाहून मदत मागत. दुसऱ्याच्या चुकीच्या समजुतीविषयीचे नेहमीचे प्रश्न मुले चारच्या आसपास सोडवू लागतात, म्हणून देखरेख आधी आणि मनाचा सिद्धान्त नंतर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कॅरदर्स यांना मात्र हा बाण लागत नाही. मन वाचण्याची क्षमता जन्मजात आहे असेच ते मानतात. बाळांच्या पुराव्याने शब्द येण्याआधीची देखरेख सिद्ध होते. ती मन वाचण्याच्या यंत्रणेवाचून चालते, एवढे त्यातून निघत नाही. त्यासाठी माकडांकडेच यावे लागते.

आता खरा अडचणीचा भाग. या जाणिवा येतात कुठून? आशेर कोरियाट यांनी 1993 मध्ये दिलेले उत्तर थोडे धक्कादायक आहे. उत्तर शोधताना जे तुकडे हाती लागतात, त्यांची संख्या आणि ते किती सहज आले, यांवर ‘येते’ ही जाणीव उभी राहते; ते तुकडे खरे की खोटे याची छाननी तिच्यात नसते. कपाट उघडलेले नाही, नुसते हलवून पाहिले आहे, आणि आवाज आला म्हणून वस्तू आहे असे धरले आहे. रीडर आणि रिटर यांनी 1992 मध्ये ही फट उघडी करून दाखवली. लोकांकडून दोन आकडी संख्यांची गणिते पुन्हा पुन्हा करून घेतली. प्रत्येक वेळी एका सेकंदाच्या आत सांगायचे : उत्तर आठवून देणार की मांडून काढणार? मग संख्या त्याच ठेवून मधले चिन्ह बदलले. संख्या ओळखीच्या, म्हणून लोक बिनदिक्कत ‘आठवेन’ म्हणाले. त्या गणिताचे उत्तर त्यांनी कधीच काढलेले नव्हते. वारा सुटला की ओळंबाही झुलतो.

मग अशा जाणिवेवर विसंबून मिळालेल्या गोष्टीला ज्ञान का म्हणायचे? हिलरी कॉर्नब्लिथ यांनी 2012 च्या ‘ऑन रिफ्लेक्शन’ या पुस्तकात याच्याही पुढची टीका केली. स्वतःच्या समजुती तपासल्या की ज्ञान पक्के होते, या तत्त्वज्ञांच्या आवडत्या विश्वासाला आधार नाही. तपासणारी यंत्रणाही तपासल्या जाणाऱ्या यंत्रणेइतकीच चुकणारी, आणि वर आणखी एक मजला चढवला तरी तीच गत. ही टीका चिंतनाला लागू पडते, पण प्रूस्त यांच्या देखरेखीला तितकी नाही, असे माझे मत आहे. देखरेखीला समजुतीवर शिक्का मारायचा नसतोच. शोध चालू ठेवायचा की सोडायचा, मदत मागायची की नाही, पुन्हा वाचायचे की पुढे जायचे, एवढेच ती ठरवते, आणि त्या निर्णयांची फळे तिला परत मिळत राहतात. हार्ट यांच्या प्रयोगातल्या लोकांना उत्तर आठवत नव्हते, पण शोध कुठे कारणी लागेल हे बऱ्यापैकी कळत होते. चुकले तरी सुधारता येणे हा तिचा गुण फळे परत मिळण्याच्या या फेऱ्यामुळे आहे. फेरा तुटला, म्हणजे अंदाज केला पण निकाल कधी कळलाच नाही, की ती बिघडते.

आपल्याकडच्या तत्त्वज्ञानात हा वाद वेगळ्या भाषेत होऊन गेलेला आहे. ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानाबरोबरच कळते, असे मीमांसक म्हणत. ते बाहेरून, म्हणजे नंतरच्या पडताळ्यातून कळते, असे नैयायिकांचे म्हणणे. स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य हा तो वाद. नैयायिकांनी ज्ञानानंतर येणाऱ्या ‘मला हे ज्ञान झाले’ या दुसऱ्या ज्ञानाला अनुव्यवसाय असे नाव दिले, आणि तरी पहिले ज्ञान खरे ठरवण्याचे काम त्याच्यावर सोपवले नाही. त्यासाठी त्यांनी प्रवृत्तीकडे बोट दाखवले : पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तर ते पाणीच होते. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच प्रमाण आणि सफल प्रवृत्ती यांची सांगड घालून होते. या मंडळींना आजच्या प्रयोगांचे पूर्वसूरी ठरवण्याची हौस मला नाही. त्यांचा प्रश्न ज्ञानाच्या प्रामाण्याचा होता, शोध चालू ठेवण्याच्या निर्णयाचा नव्हता. पण स्वतःविषयीचे ज्ञान आणि स्वतःच्या ज्ञानाची पारख या दोन गोष्टी वेगळ्या काढण्याची त्यांची शिस्त या वादात आजही उपयोगी पडते. कॅरदर्स बोलतात ते अनुव्यवसायाविषयी. प्रूस्त बोलतात ते पारखेविषयी.

दुसरा आक्षेप कर्तेपणावरचा. गेलन स्ट्रॉसन यांनी 2003 मध्ये लिहिले, की विचार हे आपण करत नाही, ते घडतात. आपण फार तर मन त्या दिशेला वळवतो, पुढे जे येते ते आपोआप येते. नाव आठवण्याचा प्रयत्न माझा, नाव आठवणे माझे नव्हे. यात तथ्य आहे, पण याच मापाने धनुर्धराचेही कर्तेपण जाईल; बाण सुटल्यावर तोही काही करत नाही. आठवण्यात तर सुटलेला बाण मध्येच परत घेण्याची सोय आहे. आलेले नाव ‘हे नव्हे’ म्हणून आपण टाकतो, पुन्हा शोधतो, थांबतो. हे टाकणे आणि थांबणे देखरेखीवाचून होत नाही, आणि मानसिक कर्तेपणाचा मुक्काम तिथेच आहे. शरीराच्या हालचालींतही असेच काही दिसते. 1998 मध्ये ब्लेकमोर, वोल्पर्ट आणि फ्रिथ यांनी दाखवले, की स्वतःला गुदगुल्या होत नाहीत याचे कारण मेंदू स्वतःच्या हालचालीचा परिणाम आधीच गृहीत धरतो. स्वतःच चालवलेल्या यंत्राचा स्पर्श सेकंदाच्या एक-दोन दशांशांनी उशिरा पोहोचवला, की गुदगुल्या वाढू लागतात. स्वतःचेच विचार कोणीतरी डोक्यात घातल्यासारखे वाटणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हे गृहीत धरणे ढासळते, अशी फ्रिथ यांची उपपत्ती होती. हालचालीसाठी ती बरीच टिकली. विचारांसाठी मात्र ताणलेली वाटते, कारण पुढचा विचार कोणता येणार याचे भाकीत आपण एरवीही करत नाही.

मानसिक कृतीचे वेगळेपण प्रूस्त आणखी एका ठिकाणी दाखवतात आणि तो त्यांच्या कामाचा सर्वांत कसदार भाग आहे. घरी राहिलेली वाणसामानाची यादी दुकानात उभे राहून आठवायची आहे. एकही पदार्थ राहू नये असा हेतू असेल तर दोन जास्तीचे आठवले तरी चालते. एकही चुकीचा नको असेल तर दोन गळले तरी चालते. कोणता निकष लावायचा हे माझ्या गरजेवर आहे. पण निकष एकदा ठरला की तो पाळला गेला की नाही, हे माझ्या इच्छेवर राहत नाही. मालक म्हणतो म्हणून भिंत ओळंब्यात येत नाही. ‘नीट’च्या गुणपद्धतीतही हा फरक आकड्यांत मांडता येतो. डोळे मिटून चारपैकी एक गोल भरला तर सरासरीने एक चतुर्थांश वेळा चार गुण मिळतील, तीन चतुर्थांश वेळा एक जाईल. प्रत्येक प्रश्नामागे हाती पाव गुण उरतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकल्यास एक तृतीयांश गुण कापतात, तिथे तोच हिशेब शून्यावर येतो. म्हणजे ‘नीट’मध्ये निव्वळ हिशेबाने पाहता प्रश्न सोडण्यात कधीच फायदा नाही. तरीही ‘मला हे येते का?’ या प्रश्नाचे उत्तर त्या पाव गुणाने तसूभरही बदलत नाही. बदलते ते ‘गोल भरू का?’ याचे उत्तर. कोरियाट आणि गोल्डस्मिथ यांनी 1996 मध्ये हेच आठवणीच्या बाबतीत दाखवले : अचूकतेला जास्त बक्षीस लावले की लोक अधिक उत्तरे रोखून धरतात. बक्षिसाने सरकतो तो उत्तर सोडण्याचा उंबरठा.

इथपर्यंत मी प्रूस्त यांच्याबरोबर आहे. पुढे त्या निकषांची यादी वाढवतात : अचूकता, समग्रता, सुसंगती, संभाव्यता, प्रासंगिकता आणि एकमतही. एकमत या यादीत बसत नाही असे मला वाटते. चर्चेत सर्वांना मान्य होईल तेच धरून चालायचे, हा व्यवहारातला शहाणपणा झाला. त्यांच्या बाजूने कोणी म्हणेल, की एकमतालाही स्वतःची कसोटी आहे, ते खरोखर झाले होते की नाही. पण ही कसोटी अचूकतेचीच आहे, फक्त विषय बदलला. ‘गटाने काय मान्य केले’ हे बरोबर आठवते का, एवढेच ती विचारते. निकष म्हणून एकमत घेतले, तर ज्ञानाची पारख आणि सोयीचा निर्णय यांच्यात त्यांनीच कष्टाने घातलेला बांध फुटतो.

या कामाचा शाळेशी संबंध उघड आहे. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने 2018 मध्ये स्थापलेल्या वैज्ञानिक परिषदेत प्रूस्त यांचा समावेश झाला, तो या दृष्टीने योग्यच होता. पुन्हा पुन्हा वाचलेला धडा ओळखीचा होतो आणि ती ओळख ‘येते’ म्हणून समोर उभी राहते. रीडर आणि रिटर यांच्या गणितांतला सापळा इथे रोज लागतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कारपिके यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहायला लावले. आठवड्यानंतर आपल्याला किती येईल असे विचारल्यावर वाचणाऱ्यांनी आठवून लिहिणाऱ्यांपेक्षा मोठे अंदाज दिले. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना उताऱ्यातले सुमारे 40 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के.